एका अँप्लिफायरची पाठचिकित्सा

जुनी यंत्रे पैसे खर्चून पुन्हा चालू करून घेणाऱ्यांविषयी आम्हांला एके काळी किंचित कीव वाटत असे. ज्या वस्तूचे काम तिच्याहून स्वस्त, हलकी आणि कमी तापणारी दुसरी वस्तू अधिक चोख करते, तिच्यावर जीव टाकण्यात स्मरणरंजनापलीकडे काही नसावे, असे आमचे मत होते. आणि स्मरणरंजन हा शब्द आमच्या पेशात जवळजवळ शिवीसारखाच वापरला जातो. तीन हिवाळ्यांपूर्वी मात्र आम्हीच सात-आठ किलोंचे एक लोखंडी धूड मांडीवर घेऊन ऑटोतून सीताबर्डीकडे निघालो होतो, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक त्याच्यावर दोन्ही हात धरीत होतो.

ते धूड म्हणजे आमच्या वडिलांनी स्वतः जोडलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. असे दोन आहेत. पहिला १९६६ सालचा, दुसरा १९७४ चा. पहिला एकटाच होता, एका स्पीकरचा. घरात स्टिरिओ तबकड्या आल्या तेव्हा त्याला जोडीदार हवा झाला. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. तारा जोडणे, सोल्डरिंग करणे, दोष शोधत मागे मागे जाणे हे त्यांचे रोजचे काम, आणि घरी आल्यावर तेच त्यांची करमणूक. मुलार्ड या इंग्रज कंपनीने १९५० च्या दशकात हौशी लोकांना घरी बनविता येतील अशा अँप्लिफायरच्या आकृत्या प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांतली 'फाइव्ह-टेन' विशेष गाजली. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, म्हणून हे नाव. पहिला व्हॉल्व्ह, ईएफ ८६, दुबळा संदेश उचलून धरतो. ईसीसी ८३ त्याच्या दोन प्रती करतो, एक सुलटी आणि एक उलटी. ईएल ८४ ची जोडी त्या दोन प्रतींना अंगबळ देते. पाचवा, ईझेड ८१, घरच्या विजेला एकाच दिशेने वाहायला लावतो. शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर तीनशे व्होल्टच्या या कारभाराचे स्पीकरला झेपेल अशा भाषेत रूपांतर करतो.

व्हॉल्व्ह परदेशातून मागवावे लागले नाहीत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले होते. आमच्या काचनळ्यांवरची 'बीईएल' ही अक्षरे पुसट झाली असली तरी अजून वाचता येतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गोष्ट वेगळी. मुलार्डला अभिप्रेत असलेला ट्रान्सफॉर्मर रेल्वेतल्या पगारात बसणारा नव्हता. तेव्हा बाबांनी मोटारीची वेटोळी भरून देणाऱ्या एका कारागिराकडून तो गुंडाळून घेतला. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

व्हॉल्व्हचा आवाज ही आता शौकाची आणि बऱ्यापैकी श्रीमंतीची बाब झाली आहे, म्हणून एक गोष्ट येथेच सांगून टाकलेली बरी. बाबांच्या तरुणपणी 'व्हॉल्व्हचा आवाज' असा काही वेगळा आवाज नव्हताच. यंत्रातून येणारा जवळजवळ प्रत्येक आवाज व्हॉल्व्हमधूनच येत असे. १९४८ साली आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले ते व्हॉल्व्हवर. १९५६ च्या ऑक्टोबरात, आज आपण जिला दीक्षाभूमी म्हणतो त्या मैदानावर जमलेल्या लाखोंच्या कानांपर्यंत बाबासाहेबांचे शब्द ज्या कर्ण्यांनी पोचविले, त्यांच्या मागेही व्हॉल्व्हच तापत असणार. सभेला पुरेल असा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर तेव्हा आपल्याकडे कुठून असणार? १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि तबकडी कोरणारी सुईसुद्धा व्हॉल्व्हच्या बळावर हलू लागली. म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अखेरच्या वर्षांतल्या तबकड्या आज मोबाइलवर ऐकल्या, तरी त्या आवाजात एक व्हॉल्व्ह आधीच बसलेला असतो. 'ऊबदार', 'मधाळ', 'मखमली' ही विशेषणे शौकीन मंडळींनी या नळ्यांना नंतर चिकटवली. मराठी समीक्षेत 'आशयघन' या शब्दाचे जे झाले तेच त्यांचेही झाले आहे: वापरणाऱ्याची पसंती कळते, वस्तूविषयी काही कळत नाही.

बाबा १९९८ साली गेले. त्यानंतर दोन्ही अँप्लिफायर कपाटाच्या खालच्या खणात कापडात गुंडाळलेले पडून राहिले. इतकी वर्षे निजलेले यंत्र एकदम विजेला जोडू नये एवढे आम्हांला ऐकून ठाऊक होते, आणि त्या अर्धवट ज्ञानाचा उपयोग आम्ही काहीच न करण्यासाठी केला. तीन हिवाळ्यांपूर्वी आई, तेव्हा ती चौऱ्यांशी वर्षांची होती, एकदा म्हणाली, "तू मोबाइलवर खाँसाहेब लावतोस ते नको मला. आपल्या पेटीवर झिंझोटी ऐकव एकदा." तिच्या 'एकदा' या शब्दाने आम्ही उठलो.

सीताबर्डीच्या एका गल्लीत, वायरी, रिमोट आणि मोबाइलची आवरणे विकणाऱ्या दुकानांच्या गर्दीत, एक गृहस्थ अजून व्हॉल्व्हची कामे करतात. गणपतीतल्या नि लग्नातल्या जुन्या अँप्लिफायरांवर त्यांचा हात बसला. नाव लिहीत नाही, कारण "लिहू नका जी, लोकं डबे घेऊन येतीन," असे त्यांनीच बजावले आहे. त्यांनी पहिल्या अँप्लिफायरचा तळ उघडला, दोन मिनिटे नुसते पाहिले आणि म्हणाले, "हात साफ होता जी तुमच्या बाबांचा." त्यानंतर महिनाभर ते पाहत आणि बदलत राहिले. विजेतला चढउतार पोटात घेणारे मोठे कंडेन्सर वाळून गेले होते. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये बसणारे कागदी कंडेन्सर गळू लागले होते. हे दुसरे दुखणे घातक असते: जो दाब मागच्या खोलीत अडवायचा तो पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर जाऊन बसतो, आणि त्या व्हॉल्व्हच्या आतले पत्रे लाल होऊन तो मरतो. व्हॉल्व्ह बहुतेक शाबूत निघाले. काढलेला प्रत्येक भाग त्यांनी चिठ्ठी लावून एका पिशवीत घातला आणि ती पिशवी आमच्या हाती दिली. "हे तुमचं." हस्तलिखितांची दुरुस्ती करणाऱ्या काही पदवीधरांकडेही एवढी शिस्त आम्ही पाहिलेली नाही.

एके दिवशी त्यांचा फोन आला. "सर, इथं डायग्रामपेक्षा वेगळा रेझिस्टर लावून राहिला. चुकून लागला असंल. बरोबर करून टाकू?" आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "करून टाका." पोथीतला अनोळखी शब्द परस्पर 'शुद्ध' करणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण कापण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी हे उत्तर दिले याची येथे नोंद असावी.

तो रेझिस्टर कुठला, हे सांगितले पाहिजे. या आकृतीत स्पीकरकडे निघालेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा पहिल्या व्हॉल्व्हकडे पाठवलेला असतो. याला फीडबॅक म्हणतात. यंत्राने आवाजात स्वतःचे जे काही मिसळले ते अशा रीतीने बरेचसे खोडले जाते. लेखकाने आपले छापील पान वाचून दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त्या कराव्यात तसे, फक्त क्षणोक्षणी. मुलार्डच्या आकृतीत ही खोडाखोड भरपूर आहे, सव्वीस डेसिबल. म्हणजे अँप्लिफायर आपल्या अंगच्या ताकदीच्या सुमारे विसाव्या हिश्श्यावर चालतो आणि उरलेली ताकद स्वतःला शिस्त लावण्यात खर्च करतो. किती अंश परत पाठवायचा ते एक रेझिस्टर ठरवतो. बाबांच्या अँप्लिफायरमध्ये तो आकृतीतल्या किमतीच्या दुपटीहून बराच मोठा होता. म्हणजे शिस्त कमी, खोडाखोड कमी. त्याच्या शेजारी, पत्र्याच्या आतल्या बाजूस, पेन्सिलने लिहिलेले होते: '२२ के. शी. ना.' आणि खाली तारीख, ७-११-६६.

२२ के म्हणजे रेझिस्टरची किंमत, बावीस हजार ओहम, हे उघड होते. 'शी. ना.' हे काय? ज्यांचे अर्धे आयुष्य आद्याक्षरांच्या लेखकांमध्ये गेले त्यांना दुसरे काय सुचणार? आम्ही ती एका व्यक्तीची आद्याक्षरे ठरवली. बाबांना सल्ला देणारा कुणी सहकारी असेल, शीतलप्रसाद नावाचा वगैरे. आईला विचारले. ती म्हणाली, "रेल्वेतले सगळे मित्र घरी जेवून गेलेत. शी. ना. कोणी नव्हता." आम्ही ते तिच्या विस्मरणावर टाकले.

डिसेंबरच्या मध्यावर तो अँप्लिफायर घरी आला. नागपूरच्या थंडीत व्हॉल्व्हचा अँप्लिफायर ही मांजरासारखी उपयुक्त वस्तू आहे. माणसे आपोआप त्याच्या बाजूला सरकून बसतात. खाँसाहेबांची जुनी तबकडी ७८ फेऱ्यांची. तिला जाड सुई लागते, ती बाबांनी डबीत जपून ठेवली होती. आईला तिच्या खुर्चीत बसवले आणि झिंझोटी लावली.

आवाज स्वच्छ होता. इतका की आम्ही चकित झालो. तबकडीचा खरखराट एका पातळ पडद्यासारखा पुढे राहिला आणि त्याच्या मागे खाँसाहेबांचा तो टोकदार, किंचित अनुनासिक, सुराच्या नेमक्या मध्यावर उभा राहणारा स्वर दिसू लागला. हो, 'दिसू' हेच क्रियापद आम्हांला सुचले. नंतर किशोरीताईंचा भूप लावला, तेव्हा तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या मोजता आल्या आणि तबल्याच्या चाटेवर बोट पडते तो क्षण नंतरच्या नादापासून सुटा ऐकू आला. आम्ही विजयाने आईकडे पाहिले.

"छान आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण हा यांचा आवाज नाही."

आम्ही रागावलो, हे कबूल केले पाहिजे. पंचवीसएक वर्षांपूर्वी ऐकलेल्या आवाजाशी आजच्या आवाजाची तुलना करायची, तीही चौऱ्यांशीव्या वर्षीच्या कानांनी, आणि निकाल द्यायचा! पण पुढच्या आठवड्यात आमच्याच ध्यानात एक गोष्ट येऊ लागली. अर्धा तास ऐकल्यावर उठावेसे वाटे. एकही सूर वाकडा नव्हता, तरी कपाळावर आठी पडे. वसंतराव देशपांड्यांचे नाट्यगीत वाजत असता शब्दांतला 'स' आणि 'श' काठाशी उसवल्यासारखा लागे, आणि तान वर चढली की तिच्या कडेने बारीक कूस निघाल्यासारखे वाटे. हे दोष आहेत असे छातीठोकपणे सांगता येत नव्हते. आपण आईच्या वाक्याच्या प्रभावाखाली ऐकत आहोत, अशी शंका आम्ही स्वतःवरच घेतली. एका वाक्याने वाचन बदलते हे वर्गात रोज पाहतो.

याच दिवसांत आम्ही एम.ए.च्या वर्गाला लीळाचरित्र शिकवीत होतो. योगायोग म्हणावा तर तो नागपुरात फारसा मोठा नाही. येथे महानुभाव वाङ्मय शिकवणारा कोणीही डॉ. वि. भि. कोलत्यांच्या १९७८ सालच्या संपादनासमोर बसूनच शिकवतो, आणि ग्रंथ जिथे सिद्ध झाला ते रिद्धपूरही विदर्भातलेच. त्या ग्रंथाची कथा विद्यार्थ्यांना नेहमी हलवून जाते. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा एकेका माणसाला भेटून गोळा केल्या. पुढे परचक्रात मूळ पोथी गेली. मग ज्यांना ती पाठ होती, ऐकून ठाऊक होती, त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी करावी लागली, आणि एकेकाच्या आठवणीनुसार पाठ वेगळे झाले. एका मुलीने विचारले, "सर, मग खरा पाठ कोणता धरायचा? म्हाइंभटांनी लिहिलेला की लोकांनी ऐकलेला?" तिला आम्ही परंपरागत उत्तर दिले: प्रती ताडून पाहायच्या, दोन स्वतंत्र प्रतींत तोच विचित्र पाठ आला तर तो चुकून आलेला नाही असे समजायचे, आणि नकलाकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही, हे ध्यानात ठेवायचे. उत्तर देता देता आमचे लक्ष उडाले. घरच्या कपाटात दुसरी प्रत पडलेली होती.

त्याच संध्याकाळी कापड सोडून १९७४ चा अँप्लिफायर उलटा केला. आकृती तीच, हात तोच, आठ वर्षांनी अधिक सराईत. त्या जागचा रेझिस्टर: बावीस हजार. या खेपेला पेन्सिलची नोंद नाही, तारीख नाही. ज्याला कारण ठाऊक आहे तो दुसऱ्यांदा टीप लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तो बर्डीला नेला. आम्ही म्हणालो, "काका, हा जसा आहे तसा करा. वाळलेले, गळणारे काढा, पण किमती बाबांच्याच ठेवा. आकृती पाहूच नका." ते हसले. "आकृती न पाहता? मंग तुमच्या बाबांलेच विचारा लागन." तरी त्यांनी तसे केले.

जानेवारीच्या शेवटी दोन्ही प्रती शेजारी शेजारी आल्या. डावीकडे संपादित, उजवीकडे यथामूल. स्टिरिओ तबकडीवर अशी तुलना फसवी ठरते, दोन्हीकडे निरनिराळे वाद्य असते. म्हणून एकाच आवाजाच्या जुन्या तबकड्या लावून, आवाजाची पातळी शक्य तेवढी सारखी करून, एकदा इकडे एकदा तिकडे असे ऐकत बसलो. पातळी सारखी करणे महत्त्वाचे. थोडा मोठा आवाज माणसाला थोडा चांगला वाटतो, एवढ्या भांडवलावर पुष्कळ दुकाने चालतात.

उजवा ढिला होता. हे प्रथम सांगतो, कारण अशा लेखांतून 'मूळ' नेहमी जिंकते. बायाँचा घुमारा त्यावर लांबत होता. डाव्यावर जिथे थाप संपत होती तिथे उजव्यावर ती आणखी क्षणभर रेंगाळत होती. हा घुमारा तबलजीचा नाही. फीडबॅक कमी असला की अँप्लिफायरची स्पीकरवरची पकड सैल होते आणि कागदाचा पडदा थांब म्हटल्यावर लगेच थांबत नाही. तानपुऱ्याच्या तारा उजव्यावर मोजता येत नव्हत्या, त्या एकमेकींत विरघळत होत्या. पण खाँसाहेब उजव्यावर खोलीत येत होते. डाव्यावर ते स्पष्ट असूनही तबकडीतच राहत. हिराबाईंचा स्वर उजव्यावर सहज, श्वासासकट येई. 'स' कुठे टोचत नव्हता. तासभर ऐकूनही आठी पडली नाही. व्हॉल्व्हच्या गोडव्याचे कारण म्हणून जो वरच्या सप्तकातल्या षड्जाचा हवाला दिला जातो, तो येथे लागू नव्हता. ईएल ८४ ची जोडी समोरासमोर काम करते आणि तसले सम स्वरांश एकमेकांना बहुतांशी मारून टाकते. मग हा फरक कशाचा?

आई डोळे मिटून बसली होती. कोणता अँप्लिफायर चालू आहे ते तिला आम्ही सांगत नव्हतो. चार खेपांपैकी चारही खेपांना तिने उजवा उचलला. "हा जवळचा आहे," ती म्हणाली, "पण यांच्या वेळी गाणं सुरू व्हायच्या आधी एक सूर लागायचा. तो कुठे गेला?"

डावा घेऊन आम्ही पुन्हा बर्डीत. या वेळी काकांनी मागच्या फळीवरून ऑसिलोस्कोप काढला, त्यावरची धूळ फुंकली, अँप्लिफायरच्या तोंडाशी काहीही न देता शेवटाला तार लावली. पडद्यावर सरळ रेषा असायला हवी होती. त्या जागी दाट, बारीक, हिरवी लव उभी होती. त्यांनी बटण फिरवून ती लांबवली आणि तिच्या लाटा मोजल्या. माणसाच्या कानाच्या पलीकडची, वीस हजार आवर्तनांच्या पुष्कळ वरची कंपने. तबकडी नसताना, कुणी गात नसताना, अँप्लिफायर स्वतःशीच अखंड ओरडत होता. ऐकू येत नव्हते एवढेच. त्या ओरड्यात त्याची ताकद जात होती, आणि गाण्यातला तीव्र 'स' तिच्यावर जाऊन आपटत होता.

"शिट्टी मारून राहिला जी," काका म्हणाले. "हा ट्रान्सफॉर्मर मोटारवाल्यानं भरलेला. थर आळीपाळीनं नाही घातले त्यानं. याच्यावर एवढा फीडबॅक टिकत नाही. कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरले चालते ते याले नाही चालत."

शिट्टी. आमच्या घरात त्या शब्दाला दुसरा शब्द आहे. कुकरची ती शिट्टी, पण रेडिओची, पाखराची, वाऱ्याची ती शीळ. '२२ के. शी. ना.' शीळ नाही.

आम्ही दुकानातल्या स्टुलावर काही वेळ बसून राहिलो. १९६६ च्या नोव्हेंबरात बाबांकडे ऑसिलोस्कोप नव्हता. त्या वेळचे सुटे भाग, त्या वेळचा स्पीकर, त्यांच्यासमोर ती शीळ कानाला येण्याजोगी असली पाहिजे. आता भाग बदलल्यावर ती वर, कानापलीकडे सरकली. बाबांनी आकृती समोर ठेवून एकेक रेझिस्टर लावून पाहिला असणार, रात्री, आम्हांला झोपवून. किंमत वाढवत वाढवत बावीस हजारांवर आले असणार, शीळ थांबली, तारीख घातली. आम्ही त्याला आवडीचा प्रश्न समजत होतो. मोकळा, सैल, माणसाजवळचा आवाज बाबांना आवडत असेल, असे काहीसे आमच्या मनात तयारही झाले होते, आणि त्यावर एक परिच्छेद लिहून झाला होता तो काढून टाकावा लागला. त्यांना आवाज मुलार्डसारखाच हवा होता. हाताशी असलेल्या ट्रान्सफॉर्मरवर तो जितका मिळाला तितका त्यांनी घेतला.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे कुणी तिच्यात भर घालू नये अशी ताकीद शेवटी दिली, हे आपण सारे शिकवतो. आमच्या पेन्सिलच्या ओळीतही ताकीदच होती, फक्त तिच्या लिहिणाऱ्याला वाटले होते की वाचणारा तोच असेल.

काकांनी पिशवीतून जुना रेझिस्टर काढला, मीटर लावून पाहिला, वयाने किंमत जराशी वर गेली होती म्हणून तो पुन्हा पिशवीत टाकला आणि नवा बावीस हजारांचा लावला. पडद्यावरची लव गेली. सरळ रेषा आली. मग त्यांनी मार्कर घेतला आणि बाबांच्या ओळीखाली, आम्हांला न विचारता, '२२ के' लिहून त्या दिवसाची तारीख घातली.

राहिला आईचा तो सूर. त्याचा उलगडा सोपा होता. नळातून येते ती वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. ती एकदिश केली की तिच्यात शंभर आवर्तनांची लहर उरते, आणि वाळत चाललेले कंडेन्सर ती पुरती जिरवू शकत नाहीत. शंभर आवर्तने म्हणजे मंद्रातल्या पांढरी पाचच्या केसभर वर. सुई टेकण्यापूर्वी खोलीत हा सूर लागलेला असे, आणि आईच्या कानात तो गाण्याचाच भाग होऊन बसला होता. आम्ही काकांना विचारले, हा परत आणता येईल का? त्यांनी आमच्याकडे जरा वेळ पाहिले. "घुं पाहिजे तर देतो जी. लहान कंडेन्सर लावला की झालं. लोकं घुं काढायले येतात, तुम्ही लावायले आले."

घरी येऊन आईला सांगितले की तुझा सूर परत आणता येतो.

"वेडा आहेस का?" ती म्हणाली. "त्या घुंपायी ते रात्ररात्र डबा उघडून बसायचे. मेलं जातच नाही म्हणून चरफडायचे. किती कंडेन्सर बदलले त्यांनी!"

"मग त्याची आठवण कशाला काढलीस?"

"आली म्हणून काढली."

घुं लावली नाही. फेब्रुवारी आणि मार्च आम्ही दोन्ही अँप्लिफायरवर, आता दोन्हीही बावीस हजारांचे, घरातल्या जवळजवळ सगळ्या तबकड्या ऐकून काढल्या. स्टिरिओत ऐकताना उजवीकडचा किंचित अधिक मोकळा वाटतो. दोन ट्रान्सफॉर्मर दोन दिवशी भरलेले, ते तंतोतंत सारखे कसे असतील? एप्रिलमध्ये कूलर लागला. चव्वेचाळीस अंशांत दहा तापलेल्या नळ्यांशेजारी बसणे शक्य नसते, आणि कूलरच्या घोंगाटात खाँसाहेब ऐकण्यात अर्थ नसतो. अँप्लिफायर पुन्हा त्याच कापडात गेले. तेव्हापासून दर वर्षी हे असेच चालते.

गेल्या कोजागरीला कापड काढले. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर दिले, तबकडी पुसली, सुई तिच्यावर धरून थांबलो. आई खुर्चीत बसली होती, डोळे मिटलेले. खोलीत काहीच आवाज नव्हता. तिने डोळे उघडले आणि विचारले, "लागलंय ना रे?"